अंकी: पाठांतराच्या विषयांसाठी उत्तम, पण कार्डं स्वतः बनवा

कॉलेजच्या अभ्यासासाठी फ्लॅशकार्डचं (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) एकच ॲप घ्यायचं असेल तर अंकी घ्या. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. विसरायच्या बेतात असलेलं कार्ड ते नेमकं पुढे आणतं.

सगळी गंमत कार्ड बनवण्यात आहे. ‘ब्रेकियल प्लेक्ससची (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची) माहिती लिहा’ हे कार्ड निरुपयोगी: उत्तर पानभर, त्यामुळे आलं की नाही हेच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘हातातली रेडियल नर्व्ह दुखावली तर मनगटाचं काय होतं?’ असं विचारा. उत्तर एका ओळीत: मनगट लोंबतं. एका कार्डावर एकच गोष्ट.

सुरुवातीला रोज २० नवीन कार्डांची मर्यादा असते. ती १० करा. नवीन कार्डं भराभर घेतली की दोन-तीन आठवड्यांत उजळणीचा ढीग साचतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात.

दुसरी चूक बटणांची. उत्तर पाहिल्यावर ते कितपत आठवलं हे बटण दाबून सांगायचं असतं. उत्तर आठवलं नसेल तर ‘अगेन’च दाबा. लाजेखातर ‘हार्ड’ दाबलं तर ॲप ते आठवलं असंच धरतं आणि पुढचं सगळं वेळापत्रक बिघडतं. सेटिंगमध्ये ‘एफएसआरएस’ (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी पद्धत) चालू करा, नव्वद टक्के लक्षात राहण्याचं उद्दिष्ट पुरेसं आहे.

ॲनाटॉमी, फार्माकॉलॉजी, कायद्याची कलमं यांना हे अगदी चपखल. गणिताला नाही, तिथे वही-पेन घेऊन उदाहरणंच सोडवावी लागतात. दिसायला ॲप जुनाट आहे, पण त्याने काही अडत नाही.