डॉपलरवरचा सीपीपी : सांगलीच्या आयसीयूत आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात आमच्या ट्रान्सक्रॅनियल डॉपलरच्या, म्हणजे कानशिलावरून ध्वनिलहरी सोडून मेंदूतील रक्ताचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, प्रोबची केबल तुटली. पुण्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्र नऊ दिवस बंद राहिले आणि केबल वॉरंटीत धरलेली नाही, हे बिल हाती आल्यावर कळले. त्या संतापातच लिहायला बसलो होतो. परंतु आठ महिन्यांच्या नोंदी चाळताना माझी खरी तक्रार वेगळीच असल्याचे ध्यानात आले.

कवटीत सेन्सर बसवून आयसीपी (कवटीच्या आतला दाब) मोजण्याची सोय आमच्याकडे नाही, म्हणूनच सीपीपी, म्हणजे मेंदूला रक्त पोचवणारा दाब, अंदाजाने सांगणारे हे यंत्र घेतले. चोस्निका यांच्या गटाने 1998 मध्ये मांडलेले सूत्र ते वापरते : मेंदूच्या मिडल सेरेब्रल धमनीतील डायस्टोलिक, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या किमान, वेगाला सरासरी वेगाने भागायचे, येणाऱ्या संख्येला सरासरी रक्तदाबाने गुणायचे आणि त्यात 14 मिळवायचे. तिसऱ्या महिन्यात मी सहकाऱ्यांना हा आकडा भरवशाचा असल्याचे सांगितले होते. ते मत मी आता मागे घेतो.

एका रात्री सिस्टरांनी विचारले, ''सर, डोकं तीस अंश वर केलंय, पण ट्रान्सड्यूसर छातीच्याच पातळीवर आहे. चालेल का?'' ट्रान्सड्यूसर म्हणजे रक्तदाब मोजणारा सेन्सर. डायस्टोलिक वेग 25, सरासरी वेग 50, सरासरी रक्तदाब 90. पडद्यावर सीपीपी 59, म्हणजे 60 ते 70 या लक्ष्याच्या अगदी उंबरठ्यावर. कानाचे छिद्र, म्हणजे मेंदूची पातळी, हृदयाच्या सुमारे 15 सेंटिमीटर वर होते, म्हणजे तेथील दाब जवळजवळ 11 मिमी पाऱ्याने कमी. ट्रान्सड्यूसर वर घेऊन शून्य केल्यावर रक्तदाब 79 दिसला आणि सीपीपी 53 ते 54 वर आला. रुग्ण तोच होता, धमनीही तीच होती. दाब कोठे मोजला, हे यंत्र विचारतच नाही. टाइप केलेला आकडा निमूटपणे स्वीकारते. एवढ्या महागड्या यंत्रात ही उणीव मला अक्षम्य वाटते.

काही वृद्धांच्या कानशिलाच्या जाड हाडातून सिग्नलच मिळत नाही, हा दोष यंत्राचा नव्हे. व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड घसरला की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डायस्टोलिक वेग उतरतो आणि प्रत्यक्ष दाब तोच असूनही आकडा खाली येतो. म्हणून आता प्रत्येक नोंदीशेजारी आम्ही कार्बन डायऑक्साइड व ट्रान्सड्यूसरची पातळी लिहितो. अशी शिस्त पाळली, तर एकाच रुग्णातील चढउतार ओळखण्यासाठी हे यंत्र खरोखर उपयोगी पडते, हे मी मनापासून सांगतो; एकट्या आकड्यावर मात्र मी आता औषध बदलत नाही.

केबलचे पैसे भरले आहेत. दाबाच्या पातळीचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये घालावा, असे कंपनीला लेखी कळवले असून, तो मिळेपर्यंत पुढील वर्षाच्या देखभाल करारावर मी सही करणार नाही.