थर्मल कॅमेऱ्याचा रग्ड फोन: २३,०४९ रुपये गेले ते कसे, नीट वाचा

रग्ड, म्हणजे आपटलं-भिजलं तरी टिकणारा दणकट फोन १८,९९९ रुपये. मॅग्नेटिक चार्जिंग डॉक, एंडोस्कोप केबल (टोकाला बारीक कॅमेरा असलेली) आणि बेल्ट क्लिपचं 'किट' २,८५० रुपये. त्यावर 'थर्मल सेन्सर अ‍ॅक्टिव्हेशन' १,२०० रुपये. एकूण २३,०४९, सगळे यूपीआयने. हातात आलं ते जाड रबरी कव्हरात बसवलेलं एक साधं, हलक्या प्रतीचं हँडसेट.

भोसरी-चाकण पट्ट्यात इलेक्ट्रिकल पॅनल मेंटेनन्सचं काम असलं की थर्मल, म्हणजे उष्णतेचं चित्र दाखवणारा, कॅमेरा चैन म्हणून घेत नाही कुणी. सैल झालेला लग (वायरच्या टोकाचा जोड) डोळ्याला दिसत नाही, तो इतर दोन फेजपेक्षा गरम दिसतो तेव्हाच कळतो. फोनमध्ये थर्मल सेन्सर ही काही थाप नाही, २०१६ सालच्या कॅट एस६० मध्ये तो होताच. म्हणून जाहिरात खरी वाटली, आणि वाटायलाच हवी होती. व्हिडिओत दाखवलेलं चित्र अस्सल थर्मलचंच होतं. फक्त ते या फोनने काढलेलं नव्हतं.

फोन चालू केला तर थर्मल अ‍ॅप नुसतंच काळं. विक्रेत्याचा 'टेक्निशियन' फोनवर आला. 'सर, एमिसिव्हिटी ०.९५ वर सेट करावी लागेल, अ‍ॅक्टिव्हेशनचे १,२०० होतील.' हा आकडा रस्त्यावरच्या भामट्याला कुठून माहीत असणार? एमिसिव्हिटी म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं माप, रंगवलेल्या पृष्ठभागांना ते साधारण तेवढंच धरतात. असं बोलणाऱ्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. पैसे गेले, अ‍ॅप उघडलं, चित्र अंधुक. तेव्हा तो म्हणाला, 'सर, जरा लाईट लावा, उजेड कमी पडतोय.'

इथेच! त्याचा कॉल इथेच तोडायला हवा होता. थर्मल सेन्सरला उजेड लागत नाही, काळोख्या खोलीत तो तितकाच चालतो. हे माहीत नसलेला माणूस या धंद्यात असूच शकत नाही, आणि तरी ते वाक्य कानावरून गेलं, कारण समोरचा मिनिटाला चार सेटिंगं सांगत होता आणि मागे कारखान्याची लाईन बंद ठेवलेली होती. नंतर टेबलावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवला. कागद लालभडक, आयर्नचं काळपट टोक निळं! कॅमेऱ्याच्या साध्या चित्रावर रंग चढवणारं अ‍ॅप होतं ते: जे उजळ ते गरम, जे काळं ते थंड. अशा यंत्रावर भरवसा ठेवून कुणी पॅनल 'ओके' लिहिलं तर आग लागेल, याची विकणाऱ्यांना काडीची लाज नाही.

परीक्षा सोपी आहे. खिडकीच्या काचेमागे माणूस उभा करा. खऱ्या थर्मलला साध्या काचेपलीकडचं दिसत नाही, काचेचंच तापमान दिसतं. माणूस स्पष्ट दिसला तर फोन परत पॅक करा.

बॅटरी १०,६०० एमएएच लिहिली होती. म्हणजे सुमारे ४० वॉट-अवर. एवढ्या बॅटरीचा रग्ड फोन साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतो, हा २६८ ग्रॅम. वजनावर एकट्यावर विसंबू नका, आत भर घालता येते. ५ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअरच्या चार्जरवर घड्याळ लावा: ४० वॉट-अवर भरायला चार तासांच्या वरच लागणार. हा दोन तासांच्या आत १०० टक्के.

'अबाउट फोन'मधले रॅम-स्टोरेजचे आकडे बनावट फर्मवेअर (फोनमध्ये आधीच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) हवे तसे दाखवतं. मोठ्या फाइली भरा आणि परत उघडून बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन पाहा. *#०६# दाबून आलेला आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बॉक्सवरच्याशी जुळवा, मग केवायएम लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. इथे उत्तरात भलत्याच कंपनीचं मॉडेल आलं.

बाजूचं नारिंगी बटन 'कस्टम की' म्हणून विकलं. खऱ्या फोनमध्ये एकदा दाबणं, दोनदा दाबणं, दाबून धरणं, प्रत्येकाला वेगळं काम लावता येतं: टॉर्च, पीटीटी (वॉकी-टॉकीसारखं दाबून बोलणं), एसओएस. इथे सेटिंग्जमध्ये तो पर्यायच नाही. त्यासाठी 'टेक्निशियन'ने बाहेरची फाइल टाकून अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि एसएमएसची परवानगी मागितली. ती दिली नाही, म्हणून बँक खातं वाचलं. बटन चालवायला एसएमएस वाचायची गरज कुणालाच नसते. अशा फोनमध्ये बँकेचं सिम घालूच नका. फॅक्टरी रीसेटने फर्मवेअरमधलं काही जात नाही.

डॉकच्या पिनांवर मल्टिमीटरने ५ व्होल्ट मिळतात, पण फोनच्या पाठीवरचे सोनेरी ठिपके आत कुठेच जोडलेले नाहीत. एंडोस्कोप दुसऱ्या फोनवर ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) सुरू केल्यावर चालतो. यावर दिसत नाही, कारण टाइप-सी पोर्ट खोल आहे आणि किटमधल्या केबलचं टोक आखूड. रग्डसाठी लांब टोकाची केबल लागते. आखूड टोक बसवायला रबरी झाकण कापू नका, पाणी तिथूनच शिरतं. आणि 'मिल-एसटीडी-८१०एच सर्टिफाइड' (अमेरिकी लष्कराचं दणकटपणाच्या चाचण्यांचं मानक) या शिक्क्याला भुलू नका. अमेरिकी लष्कर फोनला प्रमाणपत्र देत नाही, कंपनीच तसं जाहीर करते.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात उत्तर: 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?' भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, वस्तू मिळाली की गुन्हा संपतो असं त्यात कुठे लिहिलंय? सायबरवाल्यांनी ग्राहक तक्रारीकडे बोट दाखवलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. कुरिअर म्हणतं आम्ही फक्त पोचवतो. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा, आणि पार्सलवरचा पत्ता निघाला कुरिअरच्याच गोदामाचा! प्रत्येक खिडकीवर तेच कागद, तेच स्क्रीनशॉट, आणि प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडे ढकलणार. पावती मागितली की चेहरे आंबट. ठगाचा यूपीआय आयडी समोर असताना खातं कुणाचं, एवढं शोधायला कुणी हात हलवत नाही. आयडी अजून चालू आहे, जाहिरातही.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. तक्रार नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून वरिष्ठांना टपालाने लेखी पाठवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावरचा जीएसटी क्रमांक पैसे देण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर तपासा: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. आमच्या बिलावर २७ होता आणि पार्सल दिल्लीहून आलं. बॉक्स, लेबल आणि डॉक फेकू नका, पुरावा म्हणून तेवढंच हाती राहतं.