हरित लवाद की उच्च न्यायालय?

2010 च्या कायद्याने पर्यावरणाचे वाद ऐकणारा राष्ट्रीय हरित लवाद आला, त्याआधी मुळा-मुठेच्या प्रदूषणावर दाद मागायची तर जनहित याचिका घेऊन मुंबईचे उच्च न्यायालय गाठावे लागे. आता लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क 1,000 रुपये. न्यायिक सदस्याबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतो, म्हणून पाण्याच्या नमुन्यांवर मुद्देसूद चर्चा होते. नदीत सांडपाणी सोडले जात असेल, तर आमच्या मते लवादच बरा.

घात मुदतीत होतो. वाद प्रथम उद्भवल्यापासून 6 महिने, सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस. पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलाला तर 30 अधिक 60 दिवसच. एक्क्याण्णवाव्या दिवशी दार बंद! त्यामुळे मंजुरीपत्राची तारीख आधी पाहा.

झाडे तोडली जात असतील तर मात्र जपून. राज्याचा 1975 चा वृक्षसंवर्धन कायदा लवादाच्या अनुसूचीत, म्हणजे ज्या कायद्यांखालचे वाद तो ऐकतो त्या यादीत, नाही; निव्वळ त्यावर बेतलेला अर्ज अधिकारक्षेत्रावरच अडकतो. तिथे आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत, पोच घेऊन, आणि मग उच्च न्यायालय. तिथला खर्च आणि हेलपाटे जास्त, पण मूलभूत हक्कांचा प्रश्न तिथेच नीट मांडता येतो.