रोबोटिक्सचा क्लास, रविवारची भटकंती की मामाचा मळा?

आमचा मुलगा पाचवीत, राहायला नाशिकचं इंदिरानगर, आणि "मुलांनी हाताने करून शिकलं पाहिजे" या एका वाक्यापायी वर्षभरात तिन्ही प्रकार करून झालेत. सोसायटीतल्या दोघी-तिघींनी विचारलं काय लावू म्हणून, तर एकदाच लिहून टाकते.

आधी क्लास. एसी रूम, टेबलावर किट, समोर स्क्रीनवर स्टेप्स. तिसऱ्याच आठवड्यात पोराने काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी केली, आम्ही व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर फिरवला. घरी सहज विचारलं, पट्टी काळीच का रे? तर म्हणे तसंच असतं. म्हणजे सेन्सर इन्फ्रारेड सोडतो, काळ्यावरून तो फारसा परत येत नाही, पांढऱ्यावरून येतो, त्यावरून गाडीला कळतं कुठे वळायचं, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. वायर चुकली की सर येऊन स्वतःच लावून द्यायचे, पुढची बॅच दारात उभी असते ना. किट घरी आणायला परवानगी नाही, त्यामुळे बिघडवून बघायची सोयच नाही. बरं, चांगलंही सांगते: वेळ पक्की, आपल्याला दीड तास मोकळा, आणि ज्या पोराला मुळातच खोलून बघायची खाज आहे ते तिथेही शिकतंच. फी मात्र जड.

भटकंतीला खर्च पेट्रोलचा आणि मिसळीचा, पण अभ्यास आईबापाला करावा लागतो. आम्ही एकदा पांडवलेणी आणि सिन्नरचं गारगोटी म्युझियम जोडून केलं, आणि हे जमलं, कारण दगड एकच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, लेणी कोरली ती त्याच काळ्या बेसाल्टमधे, आणि त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांमधे ते पांढरे-हिरवे झिओलाइटचे स्फटिक तयार झाले. पोरगं आता रस्त्याच्या कामावर फोडलेला दगड दिसला की गाडी थांबवायला लावतं. नांदूरमध्यमेश्वरला मात्र आपटलो. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), 2020 मधे जाहीर झालेलं, डिसेंबरात पक्षी भरपूर, पण आम्ही पोचलो अकराला, ऊन डोक्यावर, दुर्बीण घरी. पहाटे निघणार नसाल तर जाऊच नका.

आता मळा. माझा भाऊ निफाड तालुक्यात, द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर दर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही जायचो, मामाने भाच्याला एक वेल दिली, लाल चिंधी बांधून. मण्यात पाणी उतरायला लागल्यावर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं छोटं यंत्र, हातात दिला: मणी चिरडायचा, थेंब काचेवर, उजेडाकडे धरून आत बघायचं. पहिल्यांदा 8. मग 11. मग 14. साखर जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो, हे कोणी मागे न लागता त्याने मामालाच विचारून काढलं, कारण आकडा का वाढतो हे त्याला कळायलाच हवं होतं, वेल त्याची होती. मग काढणीच्या तोंडावर अवकाळी आला. त्याच्या वेलीवरचे निम्मे मणी तडकले. मामा काही बोलला नाही, पोरगंही नाही, संध्याकाळी वहीत स्वतःच हिशेब मांडत बसलं की एका वेलीचं इतकं तर एकराचं किती.

पण मळा म्हणजे सगळं गोड नाही हं. छाटणीनंतर पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायला, हायड्रोजन सायनामाइड वापरतात, ते विषारी, आणि पुढे फवारण्या चालूच. आधी फोन करून विचारायचं, त्या दिवसांत पोराला बागेत न्यायचंच नाही. शिवाय सगळ्यांना निफाडला मामा नसतो, मान्य. ओळखीतला शेतकरी शोधा, नाहीतर गॅलरीत क्रेटमधे मेथी लावा, ती मेली तरी चालेल, पण पाणी त्यानेच घालायचं.

पोरगं सहावी ते आठवीत असेल तर शाळेलाही विचारा, 2020 च्या शैक्षणिक धोरणात या तीन इयत्तांच्या काळात कधीतरी 10 दिवस दप्तराविना सांगितलेत, त्यात सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन शिकणं आहे. शाळेने ते दिवस चित्रं रंगवण्यात घालवले तर पालकसभेत बोला.

माझं मत विचाराल तर शनिवार-रविवार दोघंही कामावर असाल तर क्लासच लावा, उगाच अपराधी वाटून घेऊ नका, फक्त किट घरी देणारा बघा. एक जरी रविवार मोकळा असेल तर महिन्याला एकच ठिकाण, पण तेच तेच. आम्ही क्लास बंद केला. भावाला फोन झालाय, यंदा छाटणीच्या दिवशीच बोलावलंय, चिंधी पोरगं घरूनच घेऊन जाणार आहे.