बोहरी आळीतला बिडाचा तवा: थालीपिठाला उत्तम, पोळीला नको

ज्या घरात थालीपीठ, घावन, धिरडे आणि आंबोळी हे पदार्थ नेमाने होतात त्या घराने बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा जरूर घ्यावा, आणि ज्या घरात तवा मुख्यतः पोळ्यांसाठीच चढतो त्या घराने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत हा तवा बराच काळ वापरल्यावर झाले आहे. अलीकडे बिडाच्या भांड्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्यात आरोग्याचा आणि आजीच्या स्वयंपाकघराचा भाग मोठा असतो, आणि त्या भांड्यात पदार्थ नेमका कसा होतो याची चर्चा फारच थोडी. प्रस्तुत परीक्षण केवळ त्या राहून गेलेल्या भागापुरते आहे.

तवा मी पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतला. तुळशीबागेतही भांड्यांची दुकाने आहेतच, परंतु तिथल्या गर्दीत पाच-सहा जड तवे खाली काढायला लावून प्रत्येक उलटसुलट करून पाहणे दुकानदाराला मानवत नाही आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तर नाहीच. बोहरी आळीत अवजारे आणि लोखंडी सामान घेणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे वस्तू वाजवून घेणारा माणूस तिथे विचित्र ठरत नाही. दहा इंची, दोन्ही बाजूंना कान असलेला, सव्वादोन किलो वजनाचा आणि कसलेही नाव नसलेला हा तवा मला सातशे रुपयांना पडला.

वाजवून घेणे ही येथे केवळ हौस नाही. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते, तर नेहमीचा लोखंडी तवा ज्या पत्र्यातून ठोकला जातो त्यात ते पाव टक्क्याच्याही आत असते. या जादा कार्बनमुळे बीड साच्यात ओतायला सोपे जाते, पण तितकेच ठिसूळही होते. लोखंडी तवा हातातून पडला तर फार तर त्याला पोचा येतो. बिडाचा तवा फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात आणि कधीकधी फरशीचेही होतात. म्हणून कानाला धरून तवा अधांतरी लोंबता ठेवावा आणि नाण्याने टिचकी मारावी. आवाज खणखणीत येऊन थोडा वेळ रेंगाळला तर तवा चांगला, आणि बद्द आला तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारा तडा आहे असे समजावे. मी पाहिलेल्या तव्यांपैकी एकाचा आवाज असा बद्द निघाला आणि दुकानदाराने काही न बोलता तो बाजूला ठेवला, ही गोष्ट मला आवडली. तवा सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतो का हेही पाहावे. गॅसच्या शेगडीवर थोडा डुगडुगणारा तवा चालून जातो, इंडक्शनच्या काचेवर मात्र तो कायमचा वैताग होतो.

नव्या तव्याचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. वाळूच्या साच्यात तेराशे-चौदाशे अंशांचा रस ओतून तो घडवतात, आणि वाळूच्या कणांचा ठसा धातूवर उमटलेला राहतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्यांमध्ये वाहनांचे आणि पंपांचे सुटे भाग ज्या पद्धतीने ओततात तीच ही पद्धत आहे. महागडे तवे ओतल्यानंतर वरून घासून गुळगुळीत केलेले असतात आणि किमतीतला बराचसा फरक त्या घासण्याचा असतो. मी घेतलेल्या तव्यात वाटाण्याएवढा एक खळगा होता, आणि पहिली काही धिरडी नेमकी तिथेच चिकटली. आता तो खळगा तेलाच्या थरांनी बुजत आला आहे.

या थरांवरच सगळे अवलंबून आहे, आणि तवा मुरवण्याविषयी जितके उलटसुलट सल्ले मिळतात तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी मिळत असतील. तव्याला भरपूर तेल चोपडून रात्रभर ठेवा, असे पुष्कळजण सांगतात. त्याने तवा मुरत नाही, चिकट मात्र होतो. तेल नुसते लावून उपयोग नसतो. ते अगदी पातळ थरात, धूर येईपर्यंत तापले म्हणजे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन लाखेसारखे कठीण आवरण तयार होते, आणि असे थर एकावर एक चढले की पदार्थ सुटू लागतो. करडईचे तेल या कामाला चांगले, कारण हवेत आणि उष्णतेत घट्ट होण्याचा गुण त्यात जास्त असतो. तवा धुऊन, शेगडीवर पूर्ण कोरडा करून, तेलाचे चार थेंब सर्वत्र चोळावेत आणि मग स्वच्छ फडक्याने ते तेल जणू चुकून लागले असावे अशा रीतीने पुसून काढावे. खिडकी उघडी ठेवून तवा तापवावा, धूर थांबला की गार होऊ द्यावा आणि हे पुन्हापुन्हा करावे. जुन्या पद्धतीत अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात, तोही याच कारणासाठी योग्य आहे, कारण कांदा तेल पसरवतो पण साचू देत नाही. या सगळ्याला वेळ लागतो आणि घरात वास भरतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी आधीच मुरवलेला तवा घ्यावा. त्याला जवळपास दुप्पट पैसे पडतात, आणि तो थरही सुरुवातीचाच असल्यामुळे पुढचे काम आपल्यालाच करावे लागते.

आता उष्णतेविषयी, कारण या तव्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. बिडात उष्णता सर्वत्र सारखी पसरते, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. बीड ॲल्युमिनियमच्या साधारण एक चतुर्थांश वेगानेच उष्णता वाहून नेते. खात्री करून घ्यायची असेल तर गार तव्यावर चिमूट-दोन चिमूट कणीक सर्वत्र सारखी भुरभुरावी आणि मध्यम आच लावावी. थोड्याच वेळात बर्नरच्या ज्वाळांच्या आकाराचे तपकिरी कडे कणकेत उमटते, तर कडेची कणीक पांढरीच राहते. बिडाचा खरा गुण वेगळा आहे. त्याचा जाड, जड देह एकदा तापला की वर गार पीठ पडल्यानेही त्याचे तापमान फारसे उतरत नाही. म्हणूनच हा तवा मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, मधूनमधून फिरवत तापवावा लागतो. मोठ्या आचेवर घाई केली तर मधोमध करपते आणि कडा कच्च्या राहतात, आणि दोष मात्र तव्याला मिळतो.

थालीपिठात या गुणाचे चीज होते. भाजणी तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे आणि जिरे अशी वेगवेगळी भाजून दळलेली. तीत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ आणि तीळ. पातळ तव्यावर थालीपिठाचे दोन प्रकार संभवतात: आच कमी ठेवली तर ते वाफेवर शिजून मऊ पडते, आणि वाढवली तर वरून डाग पडून आत कच्चे राहते. बिडाच्या तव्यावर मधल्या भोकांत तेल सोडले की ते भोकाच्या कडेने चुरचुरत राहते आणि शेवटपर्यंत चुरचुरतच राहते. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे गेली की कडा आपोआप सुटतात, आणि उलथणे खाली सरकवले की पीठ खरवडल्याचा नव्हे तर कोरड्या पापुद्र्याचा आवाज येतो. उलटल्यावर दिसणारा रंग सर्वत्र सारखा बदामी असतो आणि कांद्याचा जो तुकडा तव्याला टेकलेला असेल तो मात्र गडद, जवळजवळ गोड झालेला असतो. लोण्याचा गोळा ठेवल्यावर ते आतपर्यंत मुरते, तरी वरचा कुरकुरीतपणा जात नाही.

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. थालीपीठ गार तव्यावर थापण्याची पद्धत असते, आणि लोखंडी तवा पाण्याचा हबका मारून पटकन गार करता येतो. बिडाच्या तव्यावर हे कधीही करू नये, कारण तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर तडा जाण्याचा संभव असतो, आणि आपणहून गार व्हायला तो इतका वेळ घेतो की तोवर जेवणारे उठून जातील. त्यामुळे पहिले थालीपीठ तव्यावर आणि पुढची ओल्या फडक्यावर थापावी लागतात. फडक्यावर थापलेले थोडे जाड होते. चवीत फरक पडत नाही.

घावनाला तर दुसरा तवा नकोच. तांदळाच्या पिठाचे ताकासारखे पातळ पीठ कडेकडून आत असे ओतले की तव्याला लागताक्षणीच जाळी पडते, आणि दहावे घावनही पहिल्याइतकेच जाळीदार निघते, कारण तवा थकत नाही. आंबोळीचेही तसेच. मला स्वतःला याहून अधिक आनंद ठेच्याने दिला. हिरव्या मिरच्या, लसणाच्या पाकळ्या आणि शेंगदाणे थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परतावेत, जाडे मीठ घालावे आणि आच बंद करून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडावेत. खरखरीत पृष्ठभागाची एरवी तक्रार होते, पण येथे तोच पाट्याचे काम करतो. मिक्सरमधून काढलेली चटणी आणि हा ठेचा यांची तुलना मी करणार नाही.

पोळ्यांच्या बाबतीत मात्र हा तवा निराशा करतो. घडीची पोळी करताना आच सतत कमी-जास्त करावी लागते: पोळी टाकताना थोडी कमी, फुगवताना मोठी, आणि लाटायला उशीर झाला तर पुन्हा कमी. बीड या बदलांना दादच देत नाही. आच उतरवली तरी पुढच्या दोन पोळ्या करपतात, आणि वाढवली तर तिचा परिणाम दिसायला तितकाच वेळ जातो. शिवाय परथनाचे पीठ तव्यावर जळत राहून थरांत बसते. पोळीला आणि भाकरीला साधा लोखंडी तवाच बरा. अपवाद पुरणपोळीचा. ती भरल्या पोटाने, जड अंगाने, मंद आणि स्थिर आचेवरच भाजायची असते, आणि तूप सोडल्यावर तिला या तव्यावर जो खमंग रंग येतो तो इतरत्र आलेला मी पाहिलेला नाही.

नॉनस्टिक तव्याशी तुलना अपरिहार्य आहे, म्हणून थोडक्यात. त्यावर पहिल्या दिवसापासून काहीही चिकटत नाही आणि तो एका हाताने उचलता येतो, हे दोन्ही गुण खरे आहेत. परंतु त्यावरचे टेफ्लॉनचे आवरण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागते, त्यामुळे रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरणे त्याला सोसत नाही, आणि खमंगपणासाठी जी दमदार उष्णता हवी ती त्याच्या पातळ देहात साठत नाही. बिडाचा थर खरवडला गेला तर पुन्हा चढवता येतो, टेफ्लॉनचा नाही.

या तव्याने हिमोग्लोबिन वाढते, असे सांगून तो विकला जातो, त्याबद्दल थोडे सबुरीने घ्यावे. लोहाचा अंश अन्नात उतरतो हे खरे, पण तो मुख्यतः आंबट आणि रसदार पदार्थ बराच वेळ शिजवल्यावर उतरतो. चार मिनिटांत होणाऱ्या घावनातून फारसे काही मिळणार नाही. आणि ज्या पदार्थांतून लोह जास्त उतरते, म्हणजे चिंचेचे अळूचे फदफदे किंवा टोमॅटोचे सार, ते बिडाच्या कढईत काळपट पडतात, त्यांना धातूची चव येते आणि मुरवलेला थरही उतरतो. रक्त कमी असेल तर डॉक्टरांकडे जावे.

निगा फार नाही, पण नियमित हवी. कोमट पाण्याने आणि काथ्याने घासावे, लगेच शेगडीवर कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवून ठेवावा. पावसाळ्यात यात हयगय केली तर सकाळी तव्यावर तांबूस गंज दिसतो. तो घासून पुन्हा मुरवला की जातो. तवा सिंकमध्ये भिजत टाकणाऱ्या माणसाशी घरात एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. कान तवा तापेल तसे तापतात, त्यामुळे सांडशीने न भागता जाड फडके दोन्ही हातांत घ्यावे लागते, आणि मनगटाचे दुखणे असलेल्यांना हे वजन खरोखरच झेपणार नाही.

घरपोच मागवण्याबद्दलही एक तक्रार नोंदवतो. बिडाचे आप्पेपात्र मी एका ऑनलाइन दुकानातून मागवले होते. ते पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून आले, एक कान तुटलेला होता, आणि बदलून मिळायला इतके फोन करावे लागले की तेवढ्या वेळात बोहरी आळीत जाऊन, वाजवून, घेऊन परत येता आले असते. पात्र स्वतः चांगले आहे, आप्पे सुरेख सुटतात.

आकार दहा इंचांचाच घ्यावा. बारा इंची तवा दुकानात भारदस्त दिसतो आणि दरातही फारसा फरक नसतो, परंतु घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची आचही त्याच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि वर सांगितलेली मंद आच व तवा फिरवणे या दोन्ही गोष्टी करूनही कडेचे घावन पांढरेच राहते.