रेशीम शेतीचं ऑनलाइन प्रशिक्षण: जावेनं केलं, मी शेजारी बसून पाहिलं

2019 साली मी रेशीम शेतीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण मुक्कामी राहून घेतलं. यंदा त्याच संस्थेनं ते ऑनलाइन केलं आणि माझ्या धाकट्या जावेनं घरूनच केलं. आम्ही गेवराई तालुक्यातल्या. तिचं लेकरू तान्हं, पाच दिवस बाहेर राहणं तिला जमलंच नसतं.

तुतीची लागवड, छाटणी, शेडचं निर्जंतुकीकरण हे रेकॉर्डिंगमध्ये फार छान उतरलंय. ब्लीचिंग पावडरचं प्रमाण मला हॉलमध्ये मागच्या रांगेत नीट ऐकूही आलं नव्हतं. जावेनं तो भाग तीनदा लावून वहीत उतरवला.

लाइव्ह तास मात्र सकाळी आठला, म्हणजे ऐन पाला कापायच्या वेळेला. हॉलचं वेळापत्रक जसंच्या तसं मोबाइलवर आणून ठेवलंय.

सगळ्यात कच्चं राहिलं ते मोल्टचं, म्हणजे अळी कात टाकते त्याचं. चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, आपण दुसरा मोल्ट उठलेल्या अळ्या आणतो, म्हणून तिसरा आणि चौथा आपल्यालाच ओळखावा लागतो. मोल्टवर बसलेली अळी खाणं सोडते, डोकं वर करून गप्प राहते, अंगाला चकाकी येते. तेव्हा पाला बंद, चुना धुरळायचा. उठलेल्या अळीचं डोकं मोठं दिसतं, अंग मळकट, सुरकुतलेलं. शेकडा नव्वदच्या वर अळ्या उठल्याशिवाय पाला टाकायचा नाही. मला मॅडमनी ट्रे हातात देऊन दोन्ही अळ्या शेजारी-शेजारी दाखवल्या होत्या. ऑनलाइनमध्ये यावर एक स्लाइड, त्यात एकच फोटो.

जावेनं तिसऱ्या मोल्टला घाई केली. बॅच मागं-पुढं झाली, काही अळ्या चंद्रिकेवर (कोष विणायच्या चौकटीवर) चढल्या तरी काही अजून पालाच खात होत्या. जालन्याच्या बाजारात त्या कोषांना भाव कमी मिळाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी घरात असून लक्ष दिलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या बॅचला तिनं प्रशिक्षणाच्या ग्रुपवर ट्रेचा व्हिडिओ टाकला. दहा मिनिटांत सरांचा निरोप आला, "ताई, अजून संध्याकाळपर्यंत थांबा." ती थांबली, बॅच एकसारखी निघाली. पूर्ण प्रशिक्षणात हेच सगळ्यात मोलाचं, पण ते वेळापत्रकात नाही. सर आपल्या मनानं करतात. स्लाइडचे तास काढून तिथं हे घाला आणि एक दिवस तरी शेडमध्ये बोलवा, एवढं संस्थेला सांगणं आहे.

शेजारीपाजारी कुणाचं शेड असेल तर हे प्रशिक्षण जरूर करा. आमच्याकडं पंधरा दिवसांनी चॉकी येतेय. आसपासच्या कुणी नाव घातलं असेल तर तिसऱ्या मोल्टला या, ट्रे हातात देते.