आठ महिने, एक ऑफिस प्रिंटर आणि दर सोमवारचं 'ऑफलाइन'

मिनिटाला किती पानं, ट्रेमध्ये किती कागद, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यामुळे ते इथे उगाळत बसत नाही. ऑफिसात सात मशीन आहेत: पाच डेस्कटॉप, दोन लॅपटॉप. हा लेझर मल्टिफंक्शन लॅन केबलने राउटरला जोडलेला आहे. छपाई स्वच्छ, दोन्ही बाजूंनी छापताना कागद अडकत नाही. सोबत आलेलं टोनर नेहमीप्रमाणे अर्धपोटी होतं, पण त्यातही बरेच दिवस निघाले. पहिले अडीच महिने मी याचं इतकं कौतुक केलं की ऑफिसातले कंटाळले.

मग सोमवार सुरू झाले.

सोमवारी सकाळी पाचही डेस्कटॉपवर प्रिंटर ऑफलाइन. समोर प्रिंटर हिरवा दिवा लावून बसलेला, स्क्रीनवर 'रेडी'. झेरॉक्स काढली तर निघते, पण प्रिंट दिली तर नाही. गंमत म्हणजे दोन नवीन मुलांच्या लॅपटॉपवरून व्यवस्थित छापलं जायचं. 'सर, माझ्याकडून तर येतंय की,' हे वाक्य मी पाच आठवड्यांत इतक्यांदा ऐकलं की लॅपटॉपवाल्यांचाच संशय येऊ लागला.

माझा तेव्हाचा उपाय म्हणजे प्रिंटर उडवायचा आणि परत ॲड करायचा. त्याने आठवडा निघायचा. प्रत्येक मशीनवर 'कॉपी १', 'कॉपी २' अशी पिल्लावळ जमली आणि त्यातला खरा कोणता ते कुणालाच सांगता येईना. शिवाय ऑफलाइन दिसलं तरी लोक प्रिंट दाबायचं थांबत नाहीत. एका सोमवारी काय झालं कुणास ठाऊक, जुन्या नोंदीवरचा प्रिंटर आपोआप शुद्धीवर आला आणि तिथे तुंबलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. अकाउंट्सच्या मॅडमचं एकच स्टेटमेंट नऊ वेळा. मी धावत जाऊन प्लग काढला तोवर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा तयार झाला होता. (असा तुंबारा साफ करायचा तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवायचा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आत प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करायचं आणि स्पूलर परत चालू करायचा. हे मला त्या नऊ प्रतींनंतर कळलं.)

सर्व्हिसला फोन केला. तिकडच्या माणसाने प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, विचारला. डेस्कटॉपच्या पोर्टमध्ये (प्रिंट कुठे पाठवायची त्या नोंदीत) होता तो सांगितला: १९२.१६८.१.१४. म्हणाला, पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघा. केलं, चारपैकी चार उत्तरं आली. 'बघा साहेब, नेटवर्क ओके आहे. म्हणजे बोर्ड गेलं. आणि व्होल्टेजने गेलं असेल तर ते वॉरंटीत बसत नाही.' आठ महिनेही न झालेल्या मशीनचं बोर्ड! माझा आवाज चढला, त्याचाही चढला. शेवटी त्याने व्हिजिटचे पैसे वेगळे पडतील असं सांगितलं आणि मी फोन ठेवला. त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर एक ताराही दिला नसता.

पिंगची काळी खिडकी मात्र उघडीच होती. रागाच्या भरात प्रिंटरची लॅन केबल उपटली आणि परत पिंग केलं, तर चारपैकी चार उत्तरं! केबल माझ्या हातात लोंबतेय आणि 'प्रिंटर' उत्तर देतोय. राउटरच्या पानावर जाऊन यादी बघितली तेव्हा उलगडा झाला. १४ नंबरवर आमच्याच एकाचा मोबाइल बसला होता. केबल परत लावून प्रिंटरचं कॉन्फिगरेशनचं पान छापलं, तर तो २३ वर.

आता सोमवारच का, तर त्याचं उत्तर मला द्यायला संकोच वाटतो. शनिवारी निघताना मेन स्विच मीच बंद करतो. कुणी नसताना राउटर आणि प्रिंटर वीज का खाणार? पण आमचा राउटर बंद झाला की कुणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतो आणि सोमवारी जो आधी येईल त्याला आधी देतो. सुरुवातीला ऑफिसात उपकरणंच कमी होती, त्यामुळे प्रिंटरला योगायोगाने १४ च मिळत राहिला. नवीन मुलं आली, वायफायचा पासवर्ड सगळ्यांच्या मोबाइलवर गेला आणि योगायोग संपला. लॅपटॉप सुटले, कारण ते विंडोजने स्वतःच जोडले होते, डब्ल्यूएसडी पोर्टवर. हा पोर्ट कुठलाच पत्ता धरून बसत नाही, प्रिंटरला दर वेळी हाक मारून शोधतो. त्याचं दुखणं वेगळं: प्रिंटर झोपेतून उठला की कधीकधी त्याला हाकच ऐकू येत नाही. म्हणून डेस्कटॉप मी साध्या, ठरलेल्या पत्त्यावरच प्रिंट पाठवणाऱ्या टीसीपी/आयपी पोर्टवरच ठेवले.

म्हणजे प्रिंटर निर्दोष. दोन तारे परत दिले. आणि लगेच एक काढून घेतला, कारण आता पत्ता कायमचा करायला मी प्रिंटरच्या स्क्रीनसमोर उभा राहिलो.

ही स्क्रीन दोन ओळींची. आयपी बदलायचा तर मेनू, नेटवर्क, वायर्ड, टीसीपी/आयपी, मग बूट मेथड, आणि तिथे 'मॅन्युअल' केलं की चारही रकाने शून्य. आकडे टाइप करायची सोय नाही. वरचा बाण दाबत शून्यापासून १९२ पर्यंत चढायचं. दाबून धरलं की आकडा पळत सुटतो आणि २०५ ला जाऊन थांबतो, मग खालच्या बाणाने माघारी. मग १६८. त्यानंतर सबनेट मास्क, म्हणजे २५५ तीनदा. दुसऱ्या २५५ च्या वाटेवर असताना मागून कुणीतरी 'सर, झेरॉक्स काढायची होती' म्हणालं, मी मान वळवली आणि स्क्रीन आपणहून पहिल्या मेनूवर परत गेली. सगळं पुसलं. मुद्दाम घड्याळ लावलं नव्हतं, पण तिसऱ्या प्रयत्नात जमलं तेव्हा लोक जेवून परत आले होते. जे लोक इतकं सुबक छापणारं यंत्र बनवतात, त्यांना दहा आकड्यांची बटणं का सुचू नयेत? कॉपी किती काढायच्या त्यासाठीही बाणच आहे!

आता ताजा कलम. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला की त्याचं स्वतःचं पान उघडतं आणि तिथे हेच सगळं कीबोर्डवरून अर्ध्या मिनिटात होतं. हे मला त्या बाणांच्या यात्रेनंतर दोन दिवसांनी कळलं. आणि खरं तर तेही करायची गरज नव्हती. मी दिलेला २०० नंबर राउटरच्या वाटपाच्या टापूतच होता, म्हणजे उद्या तोही कुणाच्या मोबाइलला मिळू शकला असता. शेवटी प्रिंटर परत 'ऑटो'वर टाकला आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेससमोर (यंत्राची स्वतःची न बदलणारी ओळख) २०० राखून ठेवला. तो बारा अक्षरांचा मॅक कॉन्फिगरेशनच्या पानावर छापलेला असतो. डेस्कटॉपचे पोर्ट २०० वर नेले, 'कॉपी'वाली पिल्लावळ उडवली.

सहा सोमवार शांततेत गेले. मग प्रिंटरने फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट मागितलं, मी 'हो' म्हटलं, आणि पाचही डेस्कटॉप ऑफलाइन. लॅपटॉपवरून येतंय की! या वेळी आधी केबल काढून पिंग केलं. उत्तर बंद. म्हणजे २०० वर दुसरं कुणी बसलं नव्हतं. केबल परत लावली. मग कुठे एक चौकट सापडली: प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट, आणि तळाशी 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'. छपाई जाते ९१०० नंबरच्या पोर्टवरून, पण विंडोज प्रिंटरची तब्येत विचारतं १६१ वरून, एसएनएमपीने. नव्या फर्मवेअरने सुरक्षेच्या नावाखाली त्या चौकशीला उत्तर देणं बंद केलं होतं. उत्तर नाही म्हणजे प्रिंटर मेला, असं विंडोज परस्पर ठरवून मोकळं. चौकटीतली टिक काढली, ओके केलं, पाचही जिवंत. टोनर कमी झाल्याची सूचना आता डेस्कटॉपवर येत नाही, पण त्यासाठी प्रिंटरचा स्वतःचा दिवा आहे.

सध्याचा हिशेब साडेतीन तारे. अर्धा कापलाय तो सर्व्हिसवाल्याच्या बोर्डासाठी, आणि अख्खा एक त्या बाणासाठी. तो मी काही केल्या परत देणार नाही. प्रिंटरच्या कपाळावर पाठकोऱ्या कागदाची पट्टी सेलोटेपने चिकटवली आहे, तिच्यावर आयपी आणि मॅक. शनिवारी मेन स्विच अजूनही मीच बंद करतो.